बणीत ओ देऊ नये

दिल्लीचं प्रवासवर्णन म्हणून हे वाचायला घेतलं असेल तर आधीच सांगतो, लाल किल्ला मी पाहिला नाही. मेट्रोत बसलो नाही. पराठे खाल्ले, पण ते ताईच्या घरी, आणि त्यातला एक करपलेला होता. जिंतूरला परत आल्यावर शेजारच्या काकांनी विचारलं, "पानिपतला तरी जाऊन आलास का? काला अंबला?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग मराठी माणूस तिकडं गेला कशाला?"

मी आपट्याची पानं तोडायला गेलो होतो. तोडली. मग एका जंगलाने माझ्या बहिणीचा आवाज घेतला आणि तो परत आणायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं. एवढंच झालं. ज्यांना किल्ले हवेत त्यांनी इथेच थांबावं. बाकीच्यांनी चहा घेऊन बसावं.

मानेसर, अष्टमी

ताई मानेसरला राहते. मानेसर म्हणजे दिल्ली नाही, पण दिल्लीतले लोक सोडून बाकी सगळे त्याला दिल्लीच म्हणतात. सकाळी कंपन्यांच्या बसेस माणसं भरून नेतात, संध्याकाळी तीच माणसं थोडी चुरगळून परत आणतात. ताई आणि दाजी दोघंही गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत आहेत. दाजी दिल्लीतच वाढलेले. मराठी बोलतात, पण मधेच शब्द संपतात, मग हिंदीतून उसने घेतात.

"अरे प्रकाश यार, आ गया! दमला असशील. बस, पोहे बनवलेत ताईने. त्याच्यावर ते आपलं, काय म्हणतात, हिरवं-हिरवं..."

"कोथिंबीर," ताई आतून म्हणाली.

"हां, ते."

पोह्यांवर कोथिंबीर होतीच, वर भुजियाही होता. आमच्याकडे भुजिया घातलेल्या पोह्यांना पोहे म्हणत नाहीत. मी दोन ताटल्या खाल्ल्या.

आता घरची गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्हा दोघा बहीणभावांना एकेक खोड आहे. कोणी त्याला जादू म्हणेल. आई खोडच म्हणते.

ताईची खोड अशी, की तिने हरवलेल्या वस्तूला नाव घेऊन हाक मारली की ती वस्तू ओ देते. चालत येत नाही. असेल तिथून नुसती ओ देते, जाऊन आणायचं काम आपलं. कंपनीत ती स्टोअरला आहे. एखादं खोकं सापडेना झालं की ती रॅकमध्ये जाऊन हळूच पार्ट नंबर म्हणते. कुठूनतरी ओ येते. तिला दोन वेळा बेस्ट एम्प्लॉयीचं सर्टिफिकेट मिळालंय. दाजींना वाटतं, तिची मेमरी चांगली आहे.

माझी खोड म्हणजे नकला. लग्नांत माइकवर त्याच करतो. त्या काय, कोणीही करतं. पण मी एखाद्याचा आवाज पुरता काढला, की तेवढा वेळ तो आवाज माझ्याकडे असतो आणि मूळ मालक मुका. सातवीत असताना पंधरा ऑगस्टला मी शाळेच्या मुतारीमागे पोरांना हेडमास्तरांचं भाषण करून दाखवत होतो. तिकडे झेंड्याखाली सर नुसतं तोंड हलवत उभे होते. गावात अजून म्हणतात, सरांचं तेवढं एक भाषण चांगलं झालं.

बाबा जाऊन चार वर्षं झाली. मेलेल्या माणसाचा आवाज काढला तर मुकं होणारं कोणी नसतं, म्हणून बाबांचा आवाज मी ठेवून घेतला. सोपा नव्हता. नकला करणारे शब्द उचलतात, हेल उचलतात, श्वास विसरतात. बाबा रागवायच्या आधी नाकाने एक लांब श्वास ओढायचे, शिट्टीच्या आधी कुकर ओढतो तसा. तो श्वास जमायला मला वर्ष लागलं. रेकॉर्डिंग वगैरे आमच्याकडे नाही. ज्या फोनमध्ये होतं तो टमटममधून पडला. ताईने हाक मारली तेव्हा त्याने ओ दिली, पण ट्रकच्या चाकाखालून.

तर बाबांचा आवाज जगात फक्त माझ्या गळ्यात होता. दर दसऱ्याला ताई मला आपट्याचं पान द्यायची आणि माझ्या पाया पडायची. मी तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे, वर्षात तेवढा एकच दिवस ती माझ्यापुढे वाकते. मग मी बाबांच्या आवाजात म्हणायचो, "सोन्यासारखी राहा, बाई." एवढंच वाक्य, वर्षातून एकदा. मागच्या वर्षी तिला सुट्टी मिळाली नाही. या वर्षीही जिंतूरला येण्याइतकी नाही. म्हणून तिने मला तिकीट पाठवलं. दिल्ली दाखवायला नाही, त्या वाक्यासाठी.

बणी, नवमी

दिल्लीकडच्या मराठी लोकांची दसऱ्याला एक अडचण असते. आपटा सहज मिळत नाही. मग ते कचनारची पानं वाटतात. पान दिसायला तसंच, दोन पाळ्यांचं. घेणाराही गप्प राहतो, देणाराही.

"कचनार चलता है यार," दाजी म्हणाले. "इतने साल से चल रहा है."

"मला नाही चालत," ताई म्हणाली. तिने मानेसरच्या मराठी ग्रुपवर लिहून टाकलं होतं की यंदा खरं सोनं आणते.

कंपनीच्या कँटीनमधल्या एका बाईने तिला सांगितलं होतं की अरवलीच्या डोंगरात एक बणी आहे, तिथे उंटाच्या खुरासारख्या पानाचं झाड आहे. बणी म्हणजे गावाने देवासाठी सोडलेलं जंगल. आमच्याकडे देवराई असते तशी. फरक एवढाच, की आमच्याकडे देवराईला आधी पाटी लावतात आणि मग झाडं तोडतात. तिथे पाटी नव्हती.

आम्ही शेअर ऑटोने निघालो. मला अर्धी सीट मिळाली, उरलेला मी हवेत होतो. वाटेत रस्त्याच्या कडेला विकायला ठेवलेले रावण आडवे पडले होते, कागदी, दहा-दहा तोंडांचे. इकडे दसऱ्याला रावण जाळतात आणि जिलेबी खातात. पानं वाटायची म्हटल्यावर ऑटोवाला मागे वळून बघायला लागला. त्याने आम्हाला डोंगराच्या अलीकडेच उतरवलं. "आगे मैं नहीं जाता," म्हणाला. कारण विचारलं तर म्हणाला, "सीएनजी कम है."

बणीच्या तोंडाशी एक ताऊ, म्हणजे तिकडचे आजोबा, बकऱ्या चारत बसला होता. पांढरी मिशी, पांढरी पगडी, प्लास्टिकची चप्पल. त्याने आम्हाला मटक्यातली छाछ दिली आणि बाजरीची अर्धी-अर्धी भाकरी. छाछेत लोणी तरंगत होतं. आमच्याकडे लोणी काढून घेतात आणि मग त्याला ताक म्हणतात. ताऊच्या बकऱ्या एका ठरावीक रेषेपर्यंत यायच्या आणि परत फिरायच्या. रेषा काढलेली नव्हती.

"के लेण आए हो?" ताऊने विचारलं.

"पत्ते चाहिए ताऊजी, दशहरे के लिए," ताई म्हणाली. "थोड़े से."

"बणी का पत्ता ना टूटै. दातुन भी ना टूटै. थोड़ा-घणा कुछ ना होवै इसमें." मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "अर सुण. भीतर कोए नाम लेकै बुलावै तो बोलियो मत. चाहे घर का हो."

आम्ही हो हो म्हणालो. नुसतं बघून येतो म्हणालो. तेव्हा खरंच नुसतंच बघायचं होतं.

आत राखाडी खोडांची झाडं इतकी दाटीने उभी होती, की बाहेर दुपार होती ती आत आलीच नाही. आणि मधे आपटा. आपटा म्हणजे आपटाच, कचनार नाही. आता नवमीच्या दिवशी मराठी माणसाला आपटा दिसला की हात आपोआप वर जातो. त्यात डोक्याचा काही संबंध नसतो. मी पानं तोडली, ताईने पिशवी धरली.

पहिल्या फांदीला पक्षी गप्प झाले. दुसऱ्या फांदीला वारा. मला जरा अवघडल्यासारखं झालं, आणि अवघडल्यासारखं झालं की मी नकला करतो. मी ताऊचा आवाज काढला. "बणी का पत्ता ना टूटै," म्हणत आणखी एक फांदी वाकवली. ताई हसली.

पिशवी भरल्यावर आम्ही परत फिरलो आणि वाट तीच असून आम्ही त्याच आपट्यापाशी आलो. पुन्हा फिरलो, पुन्हा आपटा. मग जंगलात माणसं बोलायला लागली. म्हणजे माणसं नव्हती, आवाज होते. एक बाई कोणालातरी जेवायला बोलावत होती. एक पोरगं लपाछपीसाठी आकडे मोजत होतं आणि वीसच्या पुढे जातच नव्हतं. कोणीतरी म्हातारा "आया, आया" म्हणत होता, खूप दिवसांपासून म्हणत असल्यासारखा.

मी ताईच्या चार पावलं मागे होतो. पुढून, झाडांमागून, माझा आवाज आला.

"ताई, इकडं ये गं."

माझी नक्कल मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली. चांगली होती. हेल बरोबर, जिंतूरचा 'गं' बरोबर. फक्त एक चूक होती. त्या आवाजाला श्वास नव्हता. मी हे ताईला सांगणार, एवढ्यात ती म्हणाली, "ओ."

आणि मग ती काहीच म्हणाली नाही. तोंड उघडलं, मिटलं. समोर लगेच वाट दिसायला लागली, ताऊच्या बकऱ्यांपर्यंत सरळ.

मानेसर, त्याच संध्याकाळी

दाजींना वाटलं घसा बसला. त्यांनी मिठाच्या गुळण्या दिल्या, मुलेठी म्हणजे आपलं ज्येष्ठमध दिलं, आल्याचा रस दिला. "एसी का पानी लगा असेल," म्हणाले. शेजारच्या बाईंनी हळद-दूध पाठवलं. ताईने सगळं घेतलं. मग तिने कपाटासमोर उभं राहून तिच्या हरवलेल्या कानातल्याचं नाव ओठांनी म्हणून पाहिलं. कपाटातून काही आलं नाही. म्हणजे आवाजाबरोबर खोडही गेली होती. परवापासून स्टोअरला ड्यूटी होती.

मला वाटलं ती फोनवर टाइप करून मला शिव्या देईल. फोन तिच्या हातातच होता. तिने काही टाइप केलं नाही. माझी बहीण मला रागवली नाही, तेव्हा मी घाबरलो.

मी तिचा आवाज काढून बघावा का, असं मनात आलं. तो माझ्या गळ्यात आला तर तिला परत देता आला असता. पण मी तोंड उघडलं आणि घशात नुसतं झाडं हलल्यासारखं झालं. मी तोंड मिटलं.

बणी, दसरा

सकाळी पिशवी घेऊन निघालो. ताई माझ्या शर्टाचं टोक धरून. ताऊ तिथेच होता.

"काल मेरा गळा तन्नै लिया था?" त्याने विचारलं.

मी हो म्हणालो.

"दो बकरी भीतर चली गई, मैं हाँक ना मार सका."

मी सॉरी म्हणालो. एवढ्याने बकऱ्या येत नाहीत, ते मलाही कळत होतं. त्याने उरलेल्या बकऱ्या मोजल्या. मग म्हणाला, "जो तोड़्या, वो उल्टा धर आ. सारा. एक भी कम हुआ तो उसके बराबर की चीज माँगैगी."

मी आपट्याखाली बसलो आणि पानं परत ठेवायला सुरुवात केली. कसं ठेवावं कळेना. शेवटी आमच्याकडे मोठ्यांना देतात तसं दिलं. एकेक पान दोन्ही हातांनी झाडाच्या बुंध्याशी ठेवायचं, वाकायचं, "सोनं घ्या" म्हणायचं. पिशवीभर पानं होती. कंबर दुखली. ताई शेजारी उभी होती, तोंड मिटून. शेवटचं पान ठेवलं आणि दहा झाडांमागून ताईचा आवाज आला.

"एक कमी आहे."

मी पिशवी झटकली. उलटी केली. काही नाही. ताईने दाजींना फोन लावून माझ्या कानाला धरला.

"हां, एक पत्ता मैंने अपने गेट के गार्ड को दिया ना सुबह," दाजी म्हणाले. "दशहरा है यार. बिचारा रात की ड्यूटी करके गाँव जा रहा था. खुश हो गया. जेब में रखा."

"तो कुठंय आता?"

"बस में बैठ गया होगा. क्यों, कम पड़ गए क्या?"

मी फोन ठेवला. दाजींनी चांगल्या मनाने केलं होतं. या प्रवासात चांगल्या मनाने काही करणारे तेवढे एकच होते आणि त्यातूनच घोळ झाला.

"एक कमी आहे," ताईचा आवाज पुन्हा म्हणाला. जवळून. त्याला श्वास नव्हता.

मी म्हणालो, माझ्याकडे आवाज आहेत, त्यातला घ्या. हेडमास्तर दिले. जंगल गप्प. रेल्वेची अनाउन्समेंट दिली. आमच्या गावच्या भंगारवाल्याची आरोळी दिली, जी मी लग्नात केली तर लोक पुन्हा करायला लावतात. पाचोळासुद्धा हलला नाही. असं पब्लिक मी आजवर पाहिलं नव्हतं.

"सोन्याऐवजी सोन्यासारखं दे," ताईचा आवाज म्हणाला.

मला कळलं. ताईलाही कळलं, कारण तिने माझं मनगट धरलं आणि मान हलवायला लागली. नाही, नाही, नाही. तिची नखं रुतली. मी तिला म्हटलं, "उद्यापासून ड्यूटी आहे तुझी." तिने आणखी जोरात मान हलवली. मुकं माणूस इतकं मोठ्याने ओरडू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

जंगलाला आवाज द्यायचा तर शेवटचं काहीतरी बोलावं लागणार होतं. मी ठरवलं, वाया नाही घालवायचं. दसराच होता. मी नाकाने श्वास ओढला, ताईकडे तोंड केलं आणि बाबांच्या आवाजात म्हणालो, "सोन्यासारखी राहा, बाई."

ताईने मनगट सोडलं. ती वाकली आणि माझ्या पायांना हात लावला. पान नव्हतं तिच्याकडे, रिकाम्या हातानेच.

मग घशातून काहीतरी निघून गेल्यासारखं झालं. दात काढल्यावर जीभ तिथे जाते ना, तसं मी पुन्हा बोलून बघितलं. "सोन्यासारखी राहा." माझाच आवाज. लग्नात माइक टेस्ट करतो तो.

"गाढवा," ताई म्हणाली.

हा तिचा पहिला शब्द. त्याच्यामागे बाकीचे आले. बणीच्या कडेपर्यंत ती बोलत होती. "बाबांचा आवाज काय तुझ्या एकट्याचा होता? मला विचारलंस? मी मान हलवत होते ती काय माशी हाकलत होते? ड्यूटी म्हणे. ड्यूटी गेली असती तर दुसरी मिळाली असती. आवाज कुठल्या कंपनीत मिळतो रे?" मी ऐकत होतो. वाक्यावाक्याला ती श्वास घेत होती. मी मोजत नव्हतो, पण लक्ष तिकडेच होतं.

बाहेर आलो तेव्हा ताऊ उठून उभा राहिला. ताईने त्याच्या दोन्ही बकऱ्यांची नावं विचारली. काली आणि भूरी. तिने आत तोंड करून हाका मारल्या. दोन्हीकडून में-में आलं, आणि बकऱ्याच असल्यामुळे थोड्या वेळाने त्या स्वतःच चालत आल्या. एकीचं शिंग पांढरं पडलं होतं. ताऊने ते पगडीच्या टोकाने पुसून बघितलं. पुसलं गेलं नाही.

मला वाटलं आता निघायचं. ताई निघाली नाही. बणीकडे तोंड करून तशीच उभी होती.

"आत कुणी बोलावलं तर ओ द्यायची नाही, असंच म्हणालेत ना ते?" तिने मला विचारलं.

"हो."

"आपण हाक मारायची नाही, असं नाही म्हणाले."

"नाही म्हणाले, पण—"

"बाबा," ताईने हाक मारली. खोकं शोधताना मारते तशी, फार मोठ्याने नाही.

झाडं स्तब्ध. मग खूप आतून, बुंध्यांच्या मधून आलं, "काय गं?"

बाबांचाच आवाज होता. ताऊने चप्पल घातली. ताईने मात्र तेच केलं जे ती लहानपणापासून करत आली आहे.

"बघा ना बाबा, पक्याने बणीतली पानं तोडली."

"पिशवी कुणी धरली ते सांग की," मी म्हणालो.

आत कोणीतरी नाकाने एक लांब श्वास ओढला. कुकरसारखा. तो श्वास मी जंगलाला दिला नव्हता. माझा तर कधी इतका चांगला जमलाही नव्हता.

"पक्या," बाबा म्हणाले. "दुसऱ्याच्या देवाचं झाड ते. हात लावायच्या आधी विचारावं, एवढीही अक्कल शाळेत दिली नाही का तुला? नकला करायला सांगितलं की बरं पुढं होतोस. आणि वैशे, तू दात काढू नकोस. पिशवी धरणाराही चोरच असतो. त्या म्हाताऱ्याच्या बकऱ्या हरवल्या तुमच्यापायी, त्याच्या पाया पडला का? आधी पडा. आणि सरळ घरी जा. पुन्हा इकडं फिरकायचं नाही. कुणी माझ्या आवाजात बोलावलं तरी यायचं नाही. कळलं का?"

आम्ही दोघांनी माना हलवल्या. ओ दिली नाही.

"विचारतोय मी. तोंडात मिठाची गुळणी धरलीय का दोघांनी?" बाबा म्हणाले, आणि आम्ही ताऊच्या पाया पडून रस्त्यावर येऊन ऑटो मिळेपर्यंत बोलतच राहिले.